शाळा गावाची, किल्ली कोणाची?

निवडणुकीची पत्रके जमविण्याचा मला जुना छंद आहे. नोकरीच्या निमित्ताने देशाच्या ज्या ज्या भागात जाणे झाले, तेथून परतताना पिशवीत अशी दोन-चार पत्रके असतातच. बहुतेकांत वाचण्यासारखे काही नसते. हात जोडलेले छायाचित्र, निवडणूक चिन्ह, तीन ठरावीक विशेषणे आणि खाली रस्ता, गटार, दिवे यांची आश्वासने. भाषा बदलते, मजकूर बदलत नाही.

काही वर्षांपूर्वी उत्तर भारतातील एका गावात हाती आलेले पत्रक मात्र निराळे होते. केंद्राच्या एका योजनेची पाहणी करण्यासाठी आमचे पथक त्या जिल्ह्यात गेले होते आणि ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर आली होती. सरपंचपदासाठी उभी असलेली तिशीतली एक स्त्री वहीच्या कागदावर हाताने लिहिलेले आणि झेरॉक्स काढलेले पत्रक घरोघर वाटत होती. त्यावर तिचे छायाचित्र नव्हते. गावात किती मुले आहेत, त्यांपैकी किती सरकारी शाळेत जातात, किती तालुक्याच्या खासगी शाळेत जातात आणि किती कोठेच जात नाहीत, याचा तक्ता होता. त्याखाली तीन कलमे होती : शाळा दिवसभर चालेल, शाळेच्या आहाराचा भाजीपाला गावातील बायकांच्या गटाकडून घेतला जाईल, आणि ज्या घरांतील माणसे वीटभट्टीवर जातात त्यांच्या मुलांना गावातच ठेवण्याची सोय होईल.

मी तिला सहज विचारले की शाळेवर इतका भर कशासाठी? तिचे उत्तर माझ्या टिपणवहीत तसेच्या तसे आहे : ‘साहब, हमारे गाँव का पैसा रोज़ सुबह वैन में बैठकर चला जाता है।’

अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन आणि या विषयावरच्या टिपण्या लिहिण्यात अर्धे आयुष्य घालवूनही मला ही गोष्ट इतक्या थोड्या शब्दांत मांडता आली नसती. हिशेब साधा आहे. समजा, साठ मुले महिना पाचशे रुपये शुल्क देऊन बाहेरच्या शाळेत जातात. म्हणजे वर्षाला तीन लाख साठ हजार रुपये गावाबाहेर जातात, गाडीभाडे वेगळे. हे पैसे त्याच कुटुंबांचे, ज्यांच्या नावाने सरकारने आधीच गावात इमारत बांधली आहे आणि शिक्षकाला वेतन दिले आहे. एकाच वस्तूची किंमत गरीब माणूस दोनदा मोजतो : एकदा अप्रत्यक्ष करांतून आणि एकदा शुल्कातून. शाळा नीट चालली तर तोच पैसा गावाच्या दुकानात, शेतात, बियाण्यात फिरेल. ‘समाजकेंद्री विकास’ हा शब्द त्या बाईच्या पत्रकात नव्हता. अर्थ मात्र पुरेपूर होता.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मला कोणत्याही उमेदवाराचा प्रचार करू देत नाहीत आणि ते योग्यच आहे. म्हणून गाव, राज्य, नाव यांपैकी काही सांगत नाही. माझे भांडण उमेदवारांशी नाहीच. ते आहे त्या व्यवस्थेशी, जी अशा उमेदवाराला निवडून येऊ देते, तिच्याकडून शाळेचे वचन घेऊ देते आणि दुसऱ्या दिवशी शाळेची किल्ली मात्र तिच्या हाती देत नाही.

ती निवडून आली, असे धरून चालू. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या हाती काय असते?

प्रथम राज्यघटना. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली. अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपविण्याजोगे २९ विषय आहेत. त्यांत सतराव्या क्रमांकावर प्राथमिक व माध्यमिक शाळांसह शिक्षण आहे. पण अनुच्छेद २४३-छ म्हणतो, राज्य विधिमंडळ पंचायतींना असे अधिकार देऊ ‘शकेल’. देईलच, असे नाही. त्या एका क्रियापदात तीन दशकांचा इतिहास बुडाला आहे. शहरांची स्थिती तर आणखी बिकट. नगरपालिकांसाठीच्या बाराव्या अनुसूचीत शाळेचा उल्लेखही नाही. आहे तो फक्त सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींना चालना देण्याचा. प्रभागातील शाळा सुधारण्याचे आश्वासन देणाऱ्या नगरसेवकाने एकदा ती अनुसूची वाचून पाहावी.

नंतर कायदा. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा आपल्या काळातील मोठा कायदा, यात शंका नाही. त्याच्या कलम ९ मध्ये स्थानिक प्राधिकरणाची कर्तव्ये दिली आहेत : शेजारशाळा उपलब्ध करणे, मुलांची नोंद ठेवणे, प्रवेश, हजेरी व शिक्षण पूर्ण होते की नाही यावर देखरेख ठेवणे, स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळवून देणे. कलम ३२ म्हणते, बालकाच्या हक्काविषयीची तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करावी आणि त्याने ती तीन महिन्यांत निकालात काढावी. आणि पैसा? तो कलम ७ मध्ये आहे. तेथे केंद्र आणि राज्य हे दोनच भागीदार आहेत. म्हणजे कर्तव्य खालच्याचे, तक्रार खालच्याकडे, तिजोरी वरच्यांची. शिक्षक आठवडाभर आला नाही म्हणून एखादी आई कायद्याने दाखविलेल्या वाटेने पंचायतीकडे गेली, तर त्या शिक्षकाची रजा मंजूर करण्याचा वा वेतन रोखण्याचा अधिकार देशातील बहुसंख्य ग्रामपंचायतींना नाही. याला विकेंद्रीकरण म्हणत नाहीत. याला दोष खाली ढकलणे म्हणतात.

मग पैसा. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२४ मध्ये पंचायतराज संस्थांच्या वित्तव्यवस्थेवर अहवाल प्रसिद्ध केला. २०२०-२१ ते २०२२-२३ या तीन वर्षांत पंचायतींच्या महसुलात त्यांच्या स्वतःच्या करांचा वाटा एक टक्क्याच्या आसपास होता. सुमारे ९५ टक्के रक्कम केंद्र व राज्यांच्या अनुदानांची होती. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी जी अनुदाने दिली, त्यांतील ६० टक्के पाणी व स्वच्छता यांसाठी बंधित होती. उरलेली ४० टक्के अबंधित. पण तीही वेतनावर वा आस्थापनेवर खर्च करण्यास मनाई. पाणी आणि स्वच्छता महत्त्वाची नाहीत, असे कोण म्हणेल? पण गावाला आज शौचालयापेक्षा गणिताचा शिक्षक हवा असेल, तर तो निर्णय घेण्याची मुभा गावाला नाही. तो निर्णय दिल्लीत, कदाचित माझ्याच मजल्यावरील एखाद्या खोलीत झालेला असतो.

शेवटी माणूस. २०२४-२५ च्या यू-डायस माहितीनुसार देशात एक लाखाहून अधिक शाळा एकशिक्षकी आहेत. अशा शाळेतील तो एकुलता शिक्षक रजेवर गेला की शाळाच रजेवर जाते. २००३ मध्ये वीस राज्यांत अचानक भेटी देऊन केलेल्या पाहणीत सुमारे २५ टक्के शिक्षक शाळेत आढळले नव्हते. महाराष्ट्रात हे प्रमाण १५ टक्के, तर झारखंडात ४२ टक्के होते. हे आकडे दाखवून शिक्षकांना झोडपण्याची आपल्याकडे सवय आहे. माझा तो हेतू नाही. शिक्षकाच्या गैरहजेरीची कारणे अनेक असतात. त्यांतील काही तर आम्हीच निर्माण करतो. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामे कायद्यानेच त्याच्यावर टाकलेली आहेत. शिवाय नाना प्रकारची माहिती ‘तात्काळ’ मागविणारी परिपत्रके आहेतच. मुद्दा एवढाच की, तो का आला नाही हे ज्यांना सर्वांत आधी कळते, त्यांना विचारण्याचा अधिकार नाही. आणि ज्यांना अधिकार आहे, त्यांना ते महिन्याने कळते.

या सगळ्यावर कळस म्हणजे उमेदवारांच्या शिक्षणाची अट. राजस्थानने डिसेंबर २०१४ मध्ये अध्यादेश काढून सरपंचपदासाठी आठवी उत्तीर्ण असण्याची अट घातली (अनुसूचित क्षेत्रात पाचवी), हरियाणाने २०१५ मध्ये तसाच कायदा केला आणि सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१५ रोजी हरियाणाचा कायदा वैध ठरविला. राजस्थानने २०१९ मध्ये ही अट मागे घेतली, हे चांगले झाले. न्यायालयाचा निर्णय मान्य करूनही एक प्रश्न उरतोच. चाळीस वर्षांपूर्वी ज्या मुलीच्या गावात शाळा चालविण्यात शासन कमी पडले, तिलाच आज तिच्या निरक्षरतेबद्दल अपात्र ठरवायचे आणि शासनाला मात्र कशासाठीच अपात्र ठरवायचे नाही, हा कुठला न्याय? आमदार किंवा खासदार होण्यासाठी अशी अट नाही, हे वेगळे सांगायला नको.

हे असे का राहिले? उत्तर कटू आहे. पण ते आमच्यापासून सुरू होते, म्हणून मलाच द्यायला हवे. शिक्षकाची बदली हे या देशातील राजकारणाचे चलनी नाणे आहे. ज्याच्या हाती बदली, त्याच्या दारी रांग. ती रांग सरपंचाच्या दाराकडे वळावी, असे कोणत्या आमदाराला वाटेल? १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा विषय राज्यसूचीतून समवर्ती सूचीत नेला. दिल्लीने आमचे अधिकार बळकावले, अशी राज्यांची तक्रार असते आणि तीत तथ्यही आहे. पण जी राज्ये दिल्लीकडे स्वायत्तता मागतात, तीच आपल्या गावांना काही द्यायची वेळ आली की दिल्लीसारखीच वागतात. आणि आम्ही अधिकारी? आम्ही योजना आखतो. प्रत्येक योजनेची स्वतंत्र समिती, स्वतंत्र खाते, स्वतंत्र नमुना. निवडून आलेली पंचायत समोर असताना तिला वळसा घालून समांतर समित्या उभ्या करण्याच्या मार्गदर्शक सूचनांची टिपणे मीही लिहिली आहेत. त्या वेळी ते सोयीचे वाटले. सोयीचे कोणाला, हे मी स्वतःला विचारले नव्हते.

यावर आक्षेप ठरलेले आहेत. पहिला : गावे अजून तयार नाहीत. हा आक्षेप ऐकला की मला गोपाळ कृष्ण गोखले आठवतात. फर्ग्युसन महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकविणाऱ्या आणि पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपद सांभाळलेल्या या माणसाने मार्च १९११ मध्ये केंद्रीय विधिमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. आपल्या हद्दीत शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार स्थानिक संस्थेला असावा, त्यासाठी कर बसविण्याची मुभा तिला असावी आणि खर्चाचा दोन-तृतीयांश भार सरकारने, एक-तृतीयांश स्थानिक संस्थेने उचलावा, अशी त्यांची योजना होती. अधिकार, कर आणि अनुदान या तिन्ही गोष्टी एकत्र. देश अजून तयार नाही, असे तेव्हाच्या अधिकाऱ्यांनी सांगितले आणि मार्च १९१२ मध्ये विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. आज शंभराहून अधिक वर्षांनी आमच्या फायलींवर तेच वाक्य आहे. लिहिणाऱ्याचा वर्ण तेवढा बदलला. पोहायला आल्याशिवाय पाण्यात उतरू न देण्याचा हा प्रकार आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : गावात जात आहे, दांडगाई आहे. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासमितीत खेड्यांविषयीच्या स्वप्नाळू कल्पनांवर जो प्रहार केला, तो विसरून कोणी विकेंद्रीकरणाची भलामण करू नये. मी करीत नाही. काही राज्यांत शिक्षक निवडण्याचे काम पंचायतींकडे गेले, तेव्हा नातेवाइकांची सोय लावल्याच्या तक्रारी आल्या आणि त्या सगळ्या खोट्या नव्हत्या. म्हणून शिक्षकाची निवड राज्यस्तरावर, गुणवत्तेनेच व्हावी. पण निवड वर ठेवण्यासाठी हजेरीही वरच ठेवावी लागते, हे कोणी सांगितले? शिवाय बाबासाहेबांच्या भीतीवरचा उतारा ७३व्या दुरुस्तीतच आहे. अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि स्त्रियांना किमान एक-तृतीयांश जागा तिने राखून ठेवल्या. बिहारने २००६ मध्ये स्त्रियांचा वाटा निम्म्यावर नेला. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे शिक्षण हक्क कायदाच सांगतो. जेथे दलित स्त्रीला खुर्ची मिळाली, तेथेच खुर्चीचे अधिकार काढून घ्यायचे आणि वर गावातील जातीयतेचा दाखला द्यायचा, यात बाबासाहेबांचे नाव तरी घेऊ नये.

तिसरा आक्षेप नेहमी कौतुकाच्या रूपाने येतो : हिवरे बाजारने अधिकारांवाचून करून दाखविलेच ना? दाखविले. पोपटराव पवारांविषयी मला नितांत आदर आहे. परंतु देशात अडीच लाखांहून अधिक ग्रामपंचायती आहेत. त्या प्रत्येकीत असा एकेक माणूस जन्माला येईल, या आशेवर चालते त्याला प्रशासन म्हणत नाहीत. सामान्य वकुबाच्या सरपंचालाही शाळा नीट चालविता यावी, ही कायद्याची कसोटी आहे.

आणि हे अशक्य नाही. केरळने १९९६ मध्ये लोकयोजना मोहीम सुरू करताना राज्याच्या योजना-खर्चातील ३५ ते ४० टक्के रक्कम स्थानिक संस्थांकडे सोपविण्याचा निर्णय घेतला. सरकारी प्राथमिक शाळा ग्रामपंचायतींकडे आणि माध्यमिक शाळा जिल्हा पंचायतींकडे आल्या. वेतन आणि नेमणूक राज्याकडेच राहिली. इमारत, साहित्य, पूरक शिकवणी यांबाबत मात्र पंचायत स्वतःच्या पैशाने निर्णय घेऊ लागली. नागालँडने २००२ मध्ये सार्वजनिक संस्था समुदायाकडे सोपविण्याचा कायदा केला. शिक्षकांच्या वेतनाची रक्कम ग्राम शिक्षण समितीच्या खात्यात जमा होऊ लागली आणि काम नाही तर वेतन नाही, हे तत्त्व गावाने अमलात आणायचे ठरले. २००८ मध्ये या प्रयोगाला संयुक्त राष्ट्रांचा लोकसेवा पुरस्कार मिळाला. गंमत अशी की, घटनेचा पंचायतविषयक भाग नागालँडला लागूच नाही. जेथे घटनादुरुस्ती आहे तेथे अधिकार नाहीत आणि जेथे ती नाही तेथे वेतनाची दोरी गावाच्या हाती, असा हा आपला देश आहे.

महाराष्ट्राला या बाबतीत मान खाली घालावी लागावी, हे मला अधिक बोचते. १ मे १९६२ पासून ज्या राज्यात जिल्हा परिषदांनी प्राथमिक शाळा चालविल्या, त्या राज्यात २०२२ मध्ये मुदत संपलेल्या बहुसंख्य जिल्हा परिषदांवर तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासक बसले होते. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला चार महिन्यांत निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला. तमिळनाडूतही नागरी संस्थांची मुदत २०१६ मध्ये संपली आणि निवडणुका फेब्रुवारी २०२२ मध्ये झाल्या. प्रशासक म्हणजे आमच्यासारखाच एक अधिकारी. तो प्रामाणिक असेल, कार्यक्षमही असेल. पण पहिलीत बसलेले मूल तिसरी ओलांडून जाते, तोवर त्याच्या आईवडिलांना शाळेबद्दल जाब विचारण्यासाठी निवडून दिलेला एकही माणूस जिल्हा परिषदेत नसावा, हे कोणत्या कार्यक्षमतेने भरून निघते?

तेव्हा मागण्या स्पष्टच मांडतो. एक, अनुच्छेद २४३-छ मधील ‘शकेल’ निदान प्राथमिक शिक्षणापुरते तरी ‘देईल’ असे करावे. दोन, नेमणूक राज्याची राहो. पण शिक्षकाची हजेरी व किरकोळ रजा पंचायतीच्या अखत्यारीत, शाळा व्यवस्थापन समितीमार्फत, असावी आणि सत्राच्या मध्यात बदली करताना पंचायतीचे लेखी मत घेणे बंधनकारक असावे. तीन, वित्त आयोगाच्या अनुदानातील अबंधित हिस्सा निम्म्याहून अधिक असावा आणि एकशिक्षकी शाळेत पूरक शिक्षक मानधनावर ठेवण्यास त्यातून परवानगी असावी. चार, मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झाली नाही, तर त्याची जबाबदारी नावानिशी निश्चित व्हावी.

आणि उमेदवारांनाही एक सांगणे आहे. ज्या पत्रकात शाळा आहे पण घरपट्टी नाही, ते पत्रक अर्धे आहे. वरून आलेल्या पैशाचा हिशेब कोणी विचारत नाही. स्वतःच्या खिशातून गेलेल्या दहा रुपयांचा हिशेब माणूस चावडीवर येऊन विचारतो. गोखल्यांनी त्या एक-तृतीयांशाचा आग्रह उगीच धरला नव्हता. मते मागताना कर मागण्याचे धाडस ज्याच्यात नाही, त्याने गावाच्या स्वायत्ततेच्या गोष्टी बोलू नयेत.

आता त्या पत्रकवाल्या बाईंविषयी. त्या निवडून आल्या. वर्षभराने त्यांचा दूरध्वनी आला. गटाची भाजी शाळेत जाऊ लागली होती, मुलांचा तक्ता दर महिन्याला पंचायतीच्या भिंतीवर लागत होता आणि वैनने जाणारी काही मुले परतली होती. मग सत्राच्या मध्यातच शाळेतील दोन शिक्षकांपैकी एकाची बदली झाली. आदेश वरून आला होता. पंचायतीला त्याची प्रतही नव्हती. गावकरी त्यांच्याच दाराशी येऊन विचारत होते, कारण वचन त्यांनी दिले होते. ‘साहब, अब मैं किससे कहूँ?’ असे त्यांनी विचारले.

मी त्यांना संबंधित कार्यालयाचा पत्ता दिला. आम्ही नेहमी तेच देतो.